आरशाला कापड नव्हते

नाव: सोबत जोडलेल्या ओळखपत्राप्रमाणे. यार्डात सगळे भिंगरी म्हणतात.
वय: तेवीस.
शिक्षण: सातवी, तीही अर्धी.
धंदा: ट्रक ड्रायव्हर, जोडीदार म्हणून.
राहणार: कायमचा पत्ता बहिणीच्या घरचा. सध्या गाडीत.

समोर बसवून विचारल्यावरून मी सांगतो ते असे की,

मी दोन वर्षांपासून या ट्रान्सपोर्टच्या गाडीवर आहे. त्याआधी बेकरीत होतो, रंगाच्या कारखान्यात होतो, एका लॉजवर होतो. कुठेच बूड टेकले नाही. माझी थोरली बहीण म्हणाली, याच्या पायाला भिंगरी आहे, तर ज्यात फिरायचाच पगार मिळतो असे काम याला बघा. त्यावरून तिच्या नवऱ्याने, म्हणजे माझ्या दाजींनी, मला इकडे आणले आणि शब्द टाकून कामाला लावले. भिंगरी हे नाव यार्डात पसरवले तेही त्यांनीच. एका गाडीवर आम्ही दोघे. ते थोरले ड्रायव्हर, मी जोडीदार. तेच दाजी परवापासून आपल्या ठाण्यात आत आहेत.

टायरच्या शेडमध्ये काम करणारे जे गृहस्थ मयत झाले त्यांनाही मी ओळखतो. ते पंक्चर काढत, टायर बदलत, हवा भरत. हवा देतात म्हणून सगळे त्यांना हवालदार म्हणत. साहेबांनी विचारले की हे नाव जबाबात कसे लिहायचे, ठाण्यात हवालदार आहेत. मी म्हणालो, तुमच्या हवालदारांना राग येत नसेल तर तसेच लिहा, कारण दुसऱ्या नावाने त्यांना कोणी हाक मारलेली मी ऐकलेली नाही. यार्डात कुणीही, कुठूनही, दिवसातून कितीही वेळा "हवालदार!" असे ओरडायचे, आणि ते हातातले काम न सोडता, मान न वळवता, एक हात कपाळाला लावून सलाम ठोकायचे. हा रोजचा खेळ होता. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे ते लागणार आहे.

ठराविक तास गाडी चालवली की थांबावेच लागते. तसा कायदा आहे आणि तो चांगला आहे. थांबायला कंपनीचे यार्ड आहे. यार्डात झाड नाही. खाली डांबर, तीन बाजूंना पत्रा, आणि जमीन गेटाकडून टायरच्या शेडकडे उतरती, पाणी वाहून जावे म्हणून. दुपारी केबिनमध्ये काच लावून बसले तर माणूस उकडून निघतो, आणि काच खाली केली तर शेजारच्या गाडीचा धूर आत येतो. इंजिन चालू ठेवले तर एसी चालतो आणि ड्रायव्हर झोपतो. बंद केले तर ड्रायव्हर नुसता आडवा होतो. विश्रांती सक्तीची आहे, झोप ज्याची त्याने बघायची. न झोपलेला ड्रायव्हर पुढे रस्त्यावर काय करतो ते मी सांगायला नको, त्याचे पंचनामे साहेबच करतात.

यार्डात एक आरामखोली आहे. तिच्यात खाटा आहेत, एसी आहे, भिंतीला डोंगराचे चित्र आहे. तिला कुलूप असते. पाहुणे येतात तेव्हा ती उघडून दाखवतात.

मागच्या वर्षी मालकांनी सगळ्या गाड्यांना एकेक डबी बसवली. काळी, स्टिअरिंगच्या खाली. सुपरवायझरने सगळ्यांना गेटाजवळ उभे करून समजावले. त्याचे बोलणे असे होते: "तुम्ही घोरता आणि तिकडं मालकांची झोप उडते. उभी गाडी डिझेल पिते. नुसती उभी, बरं का! एक फूट पुढं नाही, एक किलो माल नाही, आणि पीत बसलीय. असा जावई कुणी घरात ठेवेल का?"

दाजी मागून म्हणाले, "साहेब, जावई मीपण आहे. मला निदान झोपायला खोली तरी देतात."

सगळे हसले. सुपरवायझरही हसला, पण डबी बसलीच.

डबीचे काम असे. गाडी उभी असेल, हँडब्रेक ओढलेला असेल आणि इंजिन चालू असेल तर डबी पाच मिनिटे वाट बघते आणि इंजिन बंद करते. वर ऑफिसात त्या गाडीच्या नावाने खूण पडते. हँडब्रेक सोडलेला असेल तर मात्र डबीला वाटते की गाडी रहदारीत अडकली आहे, मग ती गप्प बसते. हे आठवडाभरात सगळ्यांच्या लक्षात आले. कोणाच्या लक्षात पहिल्यांदा आले ते मला माहीत नाही, आणि माहीत असते तरी ते विचारल्याशिवाय सांगितले नसते.

तेव्हापासून यार्डात पद्धत पडली. गाडी लावायची, चाकाखाली लाकडी ठोकळा सारायचा, हँडब्रेक सोडायचा, इंजिन चालू ठेवायचे आणि झोपायचे. डिझेल होते तेवढेच जळत होते. फक्त ते आता आरामाच्या नावावर न पडता रहदारीच्या नावावर पडत होते. ठोकळे हवालदारांनी करून दिले. जुन्या जाड लाकडाचे तुकडे कापून, एका अंगाला उतार देऊन, ओढायला दोरी बांधून. ठोकळे मोजके, गाड्या जास्त, त्यामुळे ज्याला लागेल तो रिकामा ठोकळा उचलायचा.

सुरुवातीलाच एकदा कोणीतरी चालू गाडीखालचा ठोकळा रिकामा समजून ओढला. गाडी हातभर सरकली. कोणाला लागले नाही. त्या दिवशी हवालदार पहिल्यांदा चिडलेले मी बघितले. ते म्हणाले, "ठोकळ्याला तोंड नाही रे बाबांनो. तो खाली गप्प पडतो. त्याच्या वतीनं वर कुणीतरी बोललं पाहिजे." त्यांनीच मग ठरवले की ज्याचा ब्रेक सुटा आहे त्याने आरशाला कापड बांधायचे. कापड दिसले की ठोकळ्याला हात लावायचा नाही, मग बाप आला तरी. कापड नसेल आणि इंजिन चालू असेल तर समजायचे की गाडी आत्ताच आली आहे आणि ब्रेक ओढलेला आहे. त्या दिवसापासून परवापर्यंत ही पद्धत कोणी मोडली नाही. ज्यांचे आपसात बोलणे बंद होते त्यांनीही मोडली नाही.

साहेबांनी विचारल्यावरून सांगतो की, सुपरवायझरला ही पद्धत ठाऊक होती. त्याच्या खिडकीतून सगळे आरसे दिसतात. एकदा दाजींनी त्याला सरळ सांगितले की आरामखोली उघडा, म्हणजे ही सर्कस बंद होईल. त्यावर तो म्हणाला, "कसली सर्कस? मी काही बघितलं नाही. आकडा छान येतोय, तो तसाच येऊ दे." हे बोलणे माझ्यासमोर झाले.

दाजींविषयी साहेबांनी विचारले की त्यांना विसरायची सवय होती काय. याचे उत्तर असे की, दाजी माझ्या बहिणीचा वाढदिवस विसरतात. फोनचा चार्जर तर प्रत्येक ढाब्यावर विसरतात. पण गाडी लावतानाचा त्यांचा क्रम कधी चुकलेला नाही. आधी खाली उतरून ठोकळा. मग आरशाला कापड. मग वर चढून ब्रेक सोडायचा. मग चपला काढायच्या. शेवटी मला म्हणायचे, "भिंगऱ्या, पड आता." मला दुपारी झोप लागत नाही. मी यार्डभर फिरत बसतो. म्हणून मला जे दिसले ते दिसले. बाकीचे ड्रायव्हर त्या वेळी झोपले होते, असे त्यांनी आपल्याला सांगितले आहे. त्यावर मला काही म्हणायचे नाही. त्यांनाही घरे आहेत.

परवाच्या दिवशी आमचा थांबा दुपारचा पडला. गाडी टायरच्या शेडच्या वरच्या अंगाला, उतारावर पहिली. दाजींनी ठोकळा लावला, कापड बांधले, ब्रेक सोडला, चपला काढल्या. हे सर्व मी डोळ्यांनी बघितले. ते झोपले. मी खाली उतरलो.

त्या दिवशी यार्डात कार्यक्रम होता. ज्या मोठ्या कंपनीचा माल आम्ही वाहतो तिचे पाहुणे येणार होते. सर्वांत कमी डिझेल उभ्याने जाळणारे यार्ड म्हणून आमच्या यार्डाला ढाल मिळणार होती. गेटाजवळ मंडप, टेबल, माईक. आरामखोली उघडून पुसून घेतली होती. मला मोकळा फिरताना बघून सुपरवायझरने हाक मारली.

"ए भिंगरी, पायाला चाळा हवाच असतो ना तुझ्या? इकडं ये. ही आरशांवरची लक्तरं काढून टाक. पाहुण्यांना वाटेल धोबीघाटावर आलो."

मी म्हणालो, "साहेब, आत माणसं झोपलीत."

"झोपू देत की. ते काय त्यांचं पांघरूण आहे?"

"ब्रेक सुटे आहेत."

"कसले ब्रेक? कुणी सांगितलं ब्रेक सुटे आहेत? तू सांगतोयस? लेखी देतोस?"

मी गप्प राहिलो. साहेब विचारतात की गप्प का राहिलो. लेखी दिले असते तर सगळ्यांची खूण पडली असती, आणि सर्वांत आधी दाजींची. आज मात्र लेखीच देतो आहे.

मी एकही कापड काढले नाही. सुपरवायझरने स्वतः काढली. ओळीने चालत गेला आणि आरशाआरशावरून ओढत गेला, पाऊस आला की वाळत घातलेले कपडे ओढावेत तसे. दाजींच्या आरशावरचे लाल कापड गाठीचे होते, ते सुटेना. ते त्याने हिसडा देऊन काढले. आरसा हलला. दाजी जागे झाले नाहीत. सगळी कापडे त्याने आरामखोलीमागच्या कचऱ्याच्या पिंपात टाकली.

मी दाजींना उठवायला निघालो. तेवढ्यात खुर्च्यांचा टेम्पो आला. सुपरवायझर म्हणाला, आधी खुर्च्या उतरव, पाहुणे वाटेत आहेत. मला वाटले, ठोकळा आहे. रात्रभर गाडी चालवली आहे त्यांनी, झोपू दे. खुर्च्या झाल्या की उठवतो. एवढेच वाटले. यापेक्षा जास्त काही लिहू नये.

त्याच सुमारास एक गाडी पंक्चर होऊन आली. पाहुण्यांच्या वाटेत उभी नको म्हणून सुपरवायझरने ती खाली शेडसमोर नेऊन लावायला सांगितली आणि हवालदारांना म्हणाला, पटकन आटपा. हवालदारांनी जॅक लावला. जमीन उतरती, जॅक नीट बसेना, त्यांना चाकाखाली ठोकळा हवा होता. सगळ्यांत जवळचा ठोकळा दाजींच्या गाडीखाली.

मी मंडपापाशी होतो. दोन्ही हातांत खुर्च्यांची चळत होती. मला हवालदार दिसत होते. आता मी सांगतो ते नीट लिहावे, कारण कंपनीने आपल्याला दिलेल्या कागदात असे आहे की मयताची नजर अधू होती.

हवालदार दाजींच्या गाडीसमोर आले आणि थांबले. चष्मा वर सरकवला. डावीकडच्या आरशाकडे बघितले. मग गाडीला वळसा घालून पलीकडे गेले आणि उजवीकडचाही आरसा बघितला. घाईत होते तरी गेले. मग परत आले. मग वाकले.

मी ओरडलो. जेवढा दम होता तेवढा लावून ओरडलो. पण तोंडातून काय निघाले, तर "हवालदार!" रोज जे ओरडायचो तेच. "थांबा" निघाले नाही. "ब्रेक" निघाले नाही.

त्यांनी मान वळवली नाही. एका हाताने दोरी धरली होती. दुसरा हात कपाळाला लावून मला सलाम ठोकला, आणि दोरी ओढली.

गाडी हळूच निघाली. लोक सांगतात तशी धाडकन गेली नाही. आपण झोपलेल्या पोराजवळून उठतो तशी निघाली. ते बाजूला होत होते, पण मागे जॅकवर उचललेली गाडी होती, दोन्हींच्या मधे ते सापडले. मी खुर्च्या टाकल्या आणि पळालो. मी पोचायच्या आत दाजी जागे झाले आणि त्यांनी ब्रेक ओढला. गाडी जागच्या जागी थांबली. ब्रेक उत्तम होता. गाडीत काही दोष नव्हता, हेही लिहून घ्यावे, कारण तेही आपल्याला कुणीतरी सुचवेल.

दाजी अनवाणी खाली उतरले. त्यांनी आधी आरशाकडे बघितले. मग खाली बघितले. मग माझ्याकडे बघितले.

गेटापाशी सुपरवायझरची मोटार उभी होती. मी चावी मागितली. तो म्हणाला, पाहुण्यांना आणायला तीच जायची आहे, अँब्युलन्सला फोन लावलाय. मग आम्ही हवालदारांना खुर्च्यांच्या टेम्पोतून नेले. आत अजून निम्म्या खुर्च्या होत्या, त्या खाली फेकल्या. दाजींना सोबत येऊ दिले नाही. ड्रायव्हरने जागा सोडायची नाही, असे सांगितले. मागाहून मला कळले की कार्यक्रम झाला, थोडक्यात झाला, ढाल दिली-घेतली. शेडच्या बाजूला पाहुण्यांना काही दिसू नये म्हणून मंडपाचे कापड आडवे बांधले होते. तेवढ्यासाठी कापड मिळाले.

टेम्पोत हवालदारांचे डोके माझ्या मांडीवर होते. ते शुद्धीवर होते. चष्मा कुठे पडला होता कोण जाणे. ते मला म्हणाले, "भिंगऱ्या, कापड होतं का रे?"

मी म्हणालो, "नव्हतं काका."

"मी बघितलं होतं. दोन्हीकडं बघितलं."

"हो. मी बघत होतो तुम्हाला."

"मला वाटलं, असेल आणि मलाच दिसलं नसेल."

"नव्हतं काका. तुम्ही बरोबर बघितलंत."

यावर ते "मग ठीक" असे म्हणाले. नंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. दवाखान्यात नेल्यावर संध्याकाळी मयत झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले.

त्यांची बायको दवाखान्यात आली होती. कंपनीचा माणूस तिच्या आधी पोचला होता. ती बाकावर बसून सगळ्यांना एकच सांगत होती की चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणून मी दिवाळीपासून मागे लागले होते, ते ऐकत नव्हते, मीच हात धरून न्यायला हवे होते. मी तिला सांगायला गेलो. कंपनीच्या माणसाने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बाहेर आणले. फार प्रेमाने आणले.

साहेबांनी विचारल्यावरून सांगतो की, माझ्यावर कोणी दबाव आणला काय. दबाव म्हणता येणार नाही. काल याच ठाण्याच्या व्हरांड्यात सुपरवायझर मला भेटला. त्याने मला चहा पाजला. तो म्हणाला, "हे बघ, विसरला म्हण. ब्रेक ओढायला विसरला. विसरणं काय, माणसाचंच काम आहे. कंपनी वकील देईल, तुझे दाजी चार दिवसांत बाहेर. पण तू ब्रेक मुद्दाम सोडला म्हणालास, तर तूच त्यांना आत घालतोयस. तुझ्या बहिणीला तोंड कसं दाखवशील?"

मी विचारले, "आणि हवालदार?"

तो म्हणाला, "गेलेला माणूस परत येतो का?"

त्यानंतर मला दाजींना भेटू दिले. मधे गज होते. त्यांच्या पायात अजून चपला नव्हत्या. त्यांनी पहिले विचारले की ताईला सांगितले का. मी म्हणालो, नाही. तिचा रोज फोन येतो, दाजी जेवले का विचारते, मी हो म्हणतो. मग ते खाली बघून म्हणाले, "मी विसरलो म्हणून सांग."

"काय विसरलात?"

"ब्रेक. ओढायचा राहिला म्हण."

"आणि ठोकळा कुणी लावला? ब्रेक विसरलेला माणूस खाली उतरून, वाकून ठोकळा लावतो होय? ठोकळा तर सगळ्यांनी बघितलाय. दोरी हवालदारांच्या हातातच होती."

"वकील झालास का रे?"

"सातवी नापास वकील."

ते हसले नाहीत. म्हणाले, "ऐक माझं. दोघांतल्या एकाची तरी नोकरी राहू दे. तिकडं तुझी बहीण एकटी आहे. नवरा विसराळू निघाला तर चालेल तिला. दोघंही घरी बसलेले चालायचे नाहीत."

मी म्हणालो, "दाजी, तुम्ही विसरलात असं मी म्हणालो, तर आरशाला कापड का नव्हतं ते कुणी विचारणारच नाही. मग राहिली हवालदारांची नजर. तुम्ही विसराळू आणि ते आंधळे. बाकी सगळे डोळस."

त्यावर ते इतकेच म्हणाले, "मरताना काही म्हणाले का ते?"

मी टेम्पोत झालेले बोलणे सांगितले. त्यांनी गजाला डोके टेकले. मग म्हणाले, "तू त्यांना काय सांगितलंस? नव्हतं म्हणून सांगितलंस?"

"हो."

"मग आता फिरवू नकोस."

हे दाजी म्हणाले. मला कोणी शिकवलेले नाही.

कंपनीच्या कागदात असे आहे की आरशावरची कापडे ही काच पुसायची फडकी होती. त्याबद्दल मी ती कापडे सोबत आणली आहेत. दवाखान्यातून परतल्यावर त्याच रात्री पिंपातून काढली. साहेबांनी ती टेबलावर पसरून बघितली. प्रत्येकाला बांधायची नाडी शिवलेली आहे. फडक्याला नाडी कोणी शिवत नाही. यातले लाल कापड दाजींचे. ते माझ्या बहिणीने तिच्या जुन्या ओढणीतून कापून, काठ दुमडून, शिवून दिले आहे. कशासाठी हवे ते दाजींनी तिला सांगितले नव्हते. आरशाला दृष्ट लागू नये म्हणून, असे काहीतरी सांगितले होते. त्याची एका बाजूची नाडी तुटलेली आहे. तिचा तुटलेला तुकडा आरशाच्या दांड्याला अजून गाठ मारलेला असेल, कोणी काढला नसेल तर. गाडी यार्डातच आहे. साहेबांनी आजच जाऊन बघावे, उद्या ती धुवायला काढतील.

माझे म्हणणे एवढेच आहे की, दाजींनी हँडब्रेक सोडला होता. मुद्दाम सोडला होता. आम्ही सगळेच सोडत होतो, आणि झोपेसाठी सोडत होतो. कापड काढले सुपरवायझरने. हवालदारांनी दोन्ही आरसे बघूनच ठोकळा ओढला. मी "हवालदार" असे ओरडलो.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवण्यात आला. वाचताना दोन ठिकाणी "विसरला" असे लिहिलेले आढळले. लिहिणाऱ्यांच्या हाताला ते सवयीने आले असावे. ते मी खोडायला लावले, आणि खोडल्या जागी अंगठा व सही अशी दोन्ही केली आहे, म्हणजे पुन्हा कोणाला सवय होऊ नये.

आरशांबद्दलचा मजकूर हवालदारांच्या बायकोला वाचून दाखवावा, अशी विनंती मी केली. जबाबात विनंती लिहिता येत नाही असे साहेबांनी सांगितले. म्हणून ती लिहिलेली नाही.

वर "राहणार" यापुढे सध्या गाडीत असे लिहिले आहे, त्यात दुरुस्ती आहे. आज सकाळी सुपरवायझरने गाडीची चावी माझ्याकडून काढून घेतली आणि माझी बॅग गेटाबाहेर ठेवली. दाजींच्या चपला बॅगेवर ठेवल्या होत्या. तिथे आता काय लिहायचे असे साहेबांनी विचारले. मी सांगितले की, दाजी आत आहेत तोवर ठाण्याच्या व्हरांड्यातला बाक, असे लिहावे.

बाकी मी सांगितले तेच लिहिले आहे, आणि लिहिले आहे ते खरे आहे.

सही
(भिंगरी)